चेहरा आणि कस : हॅब्सबर्ग घराण्याची चांदीची नाणी जमवू पाहणाऱ्यांसाठी

सोळाव्या ते अठराव्या शतकातील युरोपीय चांदीची नाणी जमवावीत असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती विपुलतेची. एकट्या पवित्र रोमन साम्राज्यात नाणी पाडण्याचा अधिकार असलेली राज्ये, बिशपांची संस्थाने, मठ आणि स्वतंत्र नगरे शेकड्यांनी होती, आणि त्यांपैकी प्रत्येकाने आपले चिन्ह, आपला संत किंवा आपला चेहरा चांदीवर उमटवला. सगळेच थोडे थोडे जमवू लागणाऱ्याच्या हाती काही वर्षांनी सुटी नाणी राहतात, संग्रह उभा राहत नाही. म्हणून या लेखात एकच घराणे घेतले आहे, ऑस्ट्रियाचे हॅब्सबर्ग. या घराण्याच्या नाण्यांवरील चेहरे विलक्षण बोलके आहेत, त्यांची लहान मूल्याची नाणी आजही सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आहेत, आणि त्या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध नाणे एके काळी मुंबईच्या टाकसाळीतही पाडले गेले आहे. ज्यांना आपल्या भूमीशी याहून जवळचा संबंध हवा असेल त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीज नाण्यांकडे वळावे. तिथे अल्बुकर्कने १५१० मध्येच नाणी पाडली होती आणि अठराव्या शतकातील गोव्याच्या चांदीच्या रुपयांवर पोर्तुगालच्या राजांचे चेहरेही आढळतात. तो मात्र स्वतंत्र विषय आहे.

पुढील प्रत्येक पायरीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगतो. नाण्यावर दोन विधाने असतात. चेहरा आणि उपाधी हे राज्यकर्त्याचे विधान असते: मी कोण आहे आणि कशाकशाचा धनी आहे. वजन आणि कस हे धातूचे विधान असते. ही दोन विधाने नेहमी एकमेकांना धरून असतातच असे नाही, आणि ती शेजारी ठेवून वाचणे हाच या संग्रहातला खरा अभ्यास आहे.

पहिली पायरी : दोन वजने पाठ करणे

खरेदीला हात घालण्यापूर्वी पार्श्वभूमी थोडक्यात समजून घ्यावी. तिरोल प्रांतातील श्वाझ येथे चांदीच्या समृद्ध खाणी होत्या, आणि त्या जवळ पडाव्यात म्हणून तिरोलची टाकसाळ १४७७ मध्ये मेरान येथून हाल या गावी हलवण्यात आली. तिथे तिरोलचा राज्यकर्ता आर्चड्यूक (हॅब्सबर्ग राजपुत्रांची पदवी) सिगिस्मुंड याने १४८६ मध्ये एक मोठे, सुमारे ३२ ग्रॅमचे चांदीचे नाणे पाडले, ज्याचे मोल सोन्याच्या एका गुल्डनइतके, म्हणजे ६० क्रॉयत्सर (लहान मूल्याची चांदीची नाणी), ठरवले होते. त्याच्या एका बाजूला राजदंड घेतलेला चिलखतधारी सिगिस्मुंड उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार शूरवीर आहे. सोन्याच्या तोडीचे चांदीचे नाणे ही कल्पना तिथून पसरली. पुढे १५२० च्या सुमारास बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) योआखिमस्थाल येथे श्लिक घराण्याच्या सरदारांनी आपल्या खाणींतील चांदीची अशीच नाणी मोठ्या संख्येने पाडली, त्यांना योआखिमस्थालर म्हणू लागले, आणि त्याचेच आखूड रूप ‘थालर’ सर्वत्र रूढ झाले.

आता वजने. १५६६ मध्ये साम्राज्याच्या ऑग्सबुर्ग येथील सभेने थालराचे प्रमाण ठरवले ते असे: २३३.८६ ग्रॅम वजनाच्या एका कलोन मार्क शुद्ध चांदीतून नऊ थालर निघावेत. त्यामुळे प्रत्येक थालर सुमारे २९.२ ग्रॅमचा, हजारी ८८९ कसाचा (हजार भागांत ८८९ भाग शुद्ध चांदी) झाला आणि त्यात जवळजवळ २६ ग्रॅम शुद्ध चांदी आली. हे प्रमाण दीर्घकाळ मानले गेले. ऑस्ट्रियाने १७५० मध्ये नवे प्रमाण आणले आणि १७५३ मध्ये बव्हेरियाशी करार करून ते पसरवले. त्यात त्याच एका मार्कातून दहा थालर पाडायचे होते. हा थालर २८.०६ ग्रॅमचा, हजारी ८३३ कसाचा आहे. पूर्वीचा २९.२ आणि नंतरचा २८.०६ हे दोन आकडे पाठ असले, तर विक्रेत्याच्या वर्णनातील वजन वाचताच नाणे संशयास्पद आहे की नाही याचा पहिला अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो.

दुसरी पायरी : राज्यकर्त्यांची ओळख

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवावा, कारण इथेच आवड निर्माण होते किंवा होत नाही. या घराण्यातून आलेल्या पवित्र रोमन सम्राटांचा क्रम लक्षात ठेवणे कठीण नाही. पहिला फर्डिनांड (मृत्यू १५६४), दुसरा मॅक्सिमिलियन (१५६४ ते १५७६), दुसरा रुडॉल्फ (१५७६ ते १६१२), मथियास (१६१२ ते १६१९), दुसरा फर्डिनांड (१६१९ ते १६३७), तिसरा फर्डिनांड (१६३७ ते १६५७), पहिला लिओपोल्ड (१६५८ ते १७०५), पहिला जोसेफ (१७०५ ते १७११) आणि सहावा चार्ल्स (१७११ ते १७४०). चार्ल्सला पुत्र नसल्याने त्याच्यामागे कन्या मारिया थेरेसा गादीवर आली. याशिवाय तिरोलमध्ये घराण्याच्या धाकट्या शाखेचे आर्चड्यूक वेळोवेळी राज्य करत होते आणि हाल येथे स्वतःच्या नावाने नाणी पाडत होते. नवख्याचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो, कारण तिरोलचा आर्चड्यूक दुसरा फर्डिनांड आणि सम्राट दुसरा फर्डिनांड या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. आर्चड्यूकचा मृत्यू १५९५ मध्ये झाला आणि त्याच्या अनेक थालरांवर वर्ष घातलेलेच नाही, त्यामुळे केवळ नाव पाहून निष्कर्ष काढू नये.

रुडॉल्फने १५८३ मध्ये आपला दरबार व्हिएन्नाहून प्रागला नेला. त्याच्या थालरांवर मानेभोवती चुणीदार गळपट्टी, अंगावर चिलखत आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ दिसते. लिओपोल्डची नाणी मात्र मला या साऱ्या परंपरेत सर्वांत मोलाची वाटतात. तो अठराव्या वर्षी सम्राट झाला आणि ४७ वर्षे सम्राट राहिला. १६६० च्या दशकातील त्याच्या नाण्यांवर लांब केसांचा, गुळगुळीत गालांचा तरुण दिसतो. १६९० च्या दशकात तोच चेहरा भारी, सुरकुतलेला आणि थकलेला झालेला असतो. या दोन टोकांच्या मध्ये १६८३ चा व्हिएन्नाचा वेढा येतो, ज्या वेळी सम्राट शहर सोडून पासाउ येथे गेला होता आणि पोलंडचा राजा तिसरा यान सोबिएस्की मदतीला धावून आला होता. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या जवळच्या नात्यांतील विवाहांमुळे पुढे आलेला खालचा जबडा आणि लोंबता ओठ या नाण्यांवर स्पष्ट दिसतो. इंग्रजी बोलणाऱ्या संग्राहकांनी त्यावरून या नाण्यांना डुकराच्या तोंडाचे टोपणनाव दिले आहे, ते मला रुचत नाही. ठसे कोरणाऱ्यांनी आपल्याच सम्राटाचा चेहरा गोड करून दाखवण्याचे टाळले आणि दरबाराने ते चालवून घेतले, ही बाब हसण्यापेक्षा विचार करण्यासारखी आहे.

मारिया थेरेसाच्या नाण्यांत एक सीमारेषा ओळखायला शिकावे. तिचा पती फ्रान्सिस हा १७४५ मध्ये सम्राट निवडला गेला. स्त्री असल्याने तिला स्वतःला त्या पदावर निवडून येणे शक्य नव्हते. ऑगस्ट १७६५ मध्ये इन्सब्रुक येथे फ्रान्सिस अकस्मात मरण पावला आणि तिने उरलेले आयुष्य शोकवस्त्रांत काढले. म्हणूनच तरुण, मोकळ्या केसांची राणी असलेली नाणी आधीची आणि डोक्यावरून विधवेचे वस्त्र घेतलेली नाणी नंतरची, असा ठोकताळा धरता येतो. पतीच्या मृत्यूनंतरही तिने त्याच्या चेहऱ्याची नाणी चालू ठेवली. त्यांवर वर्ष १७६५ हेच राहिले, परंतु प्रत्यक्ष पाडण्याचे वर्ष एका लहान अक्षराने दाखवले जाई: १७६६ साठी पहिले अक्षर, पुढच्या वर्षासाठी दुसरे, अशा क्रमाने १७८० पर्यंत. अशा नाण्यांचे वर्णन वाचताना केवळ छापील वर्षावर विसंबू नये.

तिसरी पायरी : चेहऱ्याभोवतीचा लेख वाचणे

लॅटिन येत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण शब्दसंग्रह पंचवीस-तीस शब्दांपलीकडे जात नाही आणि एकदा तो बसला की पुढची नाणी आपोआप वाचता येतात. लेख साधारणतः वरच्या मध्यापासून घड्याळाच्या दिशेने वाचावा आणि जुन्या लॅटिन पद्धतीप्रमाणे ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो हे ध्यानात ठेवावे.

लिओपोल्डच्या पंधरा क्रॉयत्सरच्या नाण्याचे उदाहरण घेऊ. दर्शनी बाजूला नावापुढे एकेक अक्षराची रांग असते: डी, जी, आर, आय, एस, ए, जी, एच, बी, आणि शेवटी पूर्ण शब्द ‘रेक्स’. पहिली दोन अक्षरे ‘देई ग्रातिया’ची, म्हणजे ईश्वरकृपेने. पुढची चार ‘रोमनांचा सम्राट, सदैव ऑगस्टस’ या उपाधीची. त्यानंतरची तीन जर्मनी, हंगेरी आणि बोहेमिया यांची, आणि ‘रेक्स’ म्हणजे राजा. चेहऱ्याखाली रोमन अंकांत पंधरा लिहिलेले असते, तेच मूल्य. मागच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड, त्याच्या छातीवर प्रांताची ढाल, आणि भोवती ‘ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक, बर्गंडीचा ड्यूक, तिरोलचा काउंट’ असा संक्षिप्त लेख व वर्ष.

यातला ‘बर्गंडीचा ड्यूक’ या शब्दांपाशी क्षणभर थांबावे. बर्गंडीची डची, म्हणजे ड्यूकचे राज्य, १४७७ मध्ये शेवटचा ड्यूक लढाईत पडल्यानंतर फ्रान्सने ताब्यात घेतली होती, तरीही हॅब्सबर्ग सम्राट दोन शतके उलटल्यावरही ती उपाधी नाण्यावर मिरवत राहिले. असे दावे सर्वत्र आढळतात. याच घराण्याच्या स्पॅनिश शाखेतील दुसरा फिलिप हा इंग्लंडच्या मेरी ट्यूडरचा पती होता, म्हणून नेदरलँड्समध्ये १५५७ पासून पाडलेल्या त्याच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवर तो स्वतःला इंग्लंडचाही राजा म्हणवतो. १५५८ मध्ये मेरी वारली आणि पुढे ती उपाधी गळाली. इंग्लंडच्या राजांनी तर फ्रान्सचे राजेपद आपल्या उपाधीतून १८०१ मध्ये काढले. नाण्यावर लिहिलेला मुलूख त्या वेळी खरोखर त्या राजाकडे होता काय, हे प्रत्येक नाण्यासाठी नकाशा उघडून तपासण्याची सवय लावून घ्यावी. त्यातून जितका इतिहास कळतो तितका अन्य मार्गाने सहजी कळत नाही.

टाकसाळीची खूणही याच वेळी शोधावी. ‘के’ आणि ‘बी’ ही अक्षरे असतील तर नाणे क्योर्मॉत्स्बान्या, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातील क्रेम्नित्सा येथील आहे. १३२८ मध्ये स्थापन झालेली ही टाकसाळ आजही चालू आहे. ‘एन’ आणि ‘बी’ असतील तर नाद्यबान्या, जे आज रुमानियात आहे. काही टाकसाळी अक्षराऐवजी गरुडाच्या छातीवरील प्रांतीय ढालीवरून ओळखाव्या लागतात.

चौथी पायरी : पहिली खरेदी

पहिल्याच खेपेस थालर घेऊ नये. मोठे नाणे मोहात पाडते, परंतु नकली मालही त्यातच अधिक असतो आणि चूक महाग पडते. माझ्या मते सुरुवात दोन प्रकारच्या लहान नाण्यांनी करावी.

एक म्हणजे हंगेरीचे सोळाव्या शतकातील देनार. पहिला फर्डिनांड, मॅक्सिमिलियन आणि रुडॉल्फ यांच्या नावाने क्रेम्नित्सा येथे पाडलेली ही नाणी सुमारे अर्ध्या ग्रॅमची आणि नखाएवढी असतात. एका बाजूला ढाल, दुसऱ्या बाजूला बाळ येशूला घेतलेली मेरी. त्यांवर राजाचा चेहरा नसतो, परंतु बहुतेकांवर वर्ष स्पष्ट असते, आणि सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचे, वर्ष कोरलेले चांदीचे नाणे इतक्या कमी पैशांत मिळण्याची दुसरी जागा मला ठाऊक नाही. दुसरा प्रकार म्हणजे लिओपोल्डची तीन, सहा आणि पंधरा क्रॉयत्सरची नाणी. तीनचे नाणे सुमारे दीड ग्रॅमचे, सहाचे तीन ग्रॅमच्या आसपास आणि पंधराचे सहा ग्रॅमच्या आसपास असते. ऑटोमन तुर्कांशी चाललेल्या युद्धांच्या काळात ती प्रचंड संख्येने पाडली गेली, म्हणून आजही बाजारात मुबलक आहेत आणि मध्यम अवस्थेतील तीन क्रॉयत्सरचे नाणे काही हजार रुपयांत मिळते. तरुण लिओपोल्डचे एक आणि वृद्धापकाळातले एक अशी दोन पंधरा क्रॉयत्सरची नाणी घेतली तरी संग्रहाला अर्थ येतो.

सुरुवातीला थालर न घेण्याला अपवाद एकच: याच वेळी मारिया थेरेसाचा १७८० चा थालर घ्यावा, मात्र तो जुना म्हणून नव्हे, सरावासाठी. राणी नोव्हेंबर १७८० मध्ये वारली, पण लाल समुद्राच्या किनाऱ्यावर, येमेन आणि इथिओपियात व्यापाऱ्यांचा विश्वास याच चेहऱ्यावर बसला होता, त्यामुळे तेच वर्ष घालून हे नाणे पुढेही पाडले जात राहिले. १९३५ मध्ये इथिओपियावर चढाई करू पाहणाऱ्या इटलीने व्हिएन्नाकडून ते पाडण्याचा हक्क मिळवला, त्यानंतर लंडनमध्येही ते पाडले जाऊ लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतील मोहिमेसाठी १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टाकसाळीने ते मोठ्या संख्येने पाडले. ऑस्ट्रियाची टाकसाळ ते आजही पाडते. म्हणजे नाण्यावरचे वर्ष आणि नाण्याचे वय यांचा इथे काहीच संबंध नाही, आणि ‘१७८० चे अस्सल प्राचीन नाणे’ म्हणून कोणी भरमसाट किंमत सांगत असेल तर नम्रपणे नकार द्यावा. सरावासाठी मात्र हे उत्तम आहे: वजन २८.०६ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिलिमीटर, चेहऱ्याखाली ग्युन्त्सबुर्ग टाकसाळीच्या दोघा अधिकाऱ्यांची, शोब्ल आणि फाबी यांची, ‘एस’ आणि ‘एफ’ ही आद्याक्षरे, आणि कडेवर ‘युस्तितिया एत क्लेमेंतिया’, म्हणजे न्याय आणि दया, हे ब्रीद. खात्रीचे नाणे हाती घेऊन वजन, व्यास आणि कड तपासण्याची सवय झाली की संशयास्पद नाणे पटकन खटकते.

चेहऱ्याच्या आतला धातू

ज्यांना आरंभापासूनच एक ठाम विषय हवा असेल त्यांना मी १६१९ ते १६२३ या काळाकडे पाहण्याचा आग्रह करीन. तीस वर्षांच्या युद्धाच्या सुरुवातीला जर्मन प्रदेशांतील बहुतेक राज्यकर्त्यांनी सैन्याच्या खर्चासाठी लहान नाण्यांतील चांदी भराभर कमी केली; चांगली नाणी तराजूवर निवडून वितळवली जात आणि त्यांतून तांबेमिश्रित हीणकस नाणी पाडली जात. पूर्वी ९० क्रॉयत्सरच्या आसपास मिळणारा चांगला थालर काही भागांत कित्येक पटींनी महागला. सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने १६२२ च्या आरंभी बोहेमिया, मोराविया आणि लोअर ऑस्ट्रियातील टाकसाळी एका मक्तेदार मंडळाकडे सोपवल्या, ज्यात राज्यपाल कार्ल फॉन लिश्टेनस्टाइन, सेनापती वॉलेनस्टाइन, सावकार हान्स दे विट्टे आणि प्रागचा व्यापारी याकोब बास्सेवी यांचा समावेश होता. वर्षभराने मक्ता संपला तेव्हा बाजार कोसळलेला होता आणि १६२३ च्या अखेरीस नाण्यांचे मूल्य अधिकृतपणे पाडावे लागले.

त्या काळची २४, ४८, ७५ आणि १५० क्रॉयत्सरची नाणी आजही मिळतात. त्यांवर फर्डिनांडचा चेहरा तितक्याच थाटात आहे, उपाध्या एकही कमी नाही, गरुड दोन डोक्यांचाच आहे. उणे आहे ते फक्त चांदीचे प्रमाण. यांपैकी एक नाणे आणि त्याच सम्राटाचा नंतरच्या वर्षांतील पूर्ण वजनाचा थालर किंवा त्याचा एखादा हिस्सा शेजारी ठेवला, तर वर म्हटलेली दोन विधाने एकाच टेबलावर वाचता येतात. ज्याला नाणी ही केवळ जुनी वस्तू वाटत नाही त्याने ही जोडी अवश्य जमवावी.

पाचवी पायरी : खरे की खोटे

साधने चारच लागतात: शतांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, व्यास मोजण्याचा कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लोहचुंबक. चुंबकाला चिकटणारे नाणे बाजूला ठेवावे. वजन प्रमाणापेक्षा थोडे कमी असणे झिजलेल्या नाण्यात स्वाभाविक आहे. थालराच्या आकारात एक ग्रॅमहून अधिक तूट असेल आणि झीज मात्र दिसत नसेल तर शंका घ्यावी. जास्त वजनही तितकेच संशयास्पद आहे.

त्यानंतर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत धातूची घनता, काढावे. नाणे कोरडे तोलावे, मग बारीक धाग्याने काट्यावरील पेल्यातील ऊर्ध्वपातित पाण्यात तळाला न टेकता लोंबकळत ठेवावे आणि काटा किती वजन वाढलेले दाखवतो ते पाहावे. कोरड्या वजनाला त्या वाढीने भागले की उत्तर येते. शुद्ध चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.४९ आणि तांब्याचे ८.९६ आहे, त्यामुळे ८३३ कसाच्या थालराचे सुमारे १०.२ यायला हवे, २८.०६ ग्रॅमच्या नाण्याची वाढ २.७५ ग्रॅमच्या आसपास दिसली की ते जुळते. लहान नाण्यांत मात्र वाढ इतकी अल्प असते की काट्याची चूकच मोठी ठरते, म्हणून तिथे ही कसोटी लावू नये.

भिंगाखाली प्रथम कड पाहावी. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण किंवा ती घासून काढल्याच्या खुणा आढळतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर झालेल्या असतात. ठशाने पाडलेल्या अस्सल नाण्यावर अक्षराची भिंत पृष्ठभागातून ताठ उठते. याउलट काही गोष्टी दोष वाटतात पण नसतात. हाल येथे १५७० च्या सुमारापासून रूळयंत्राने नाणी पाडली जात: दोन रुळांवर ठसे कोरलेले असत, त्यांतून चांदीची पट्टी दाबून काढली जाई आणि मग नाणी कापून घेतली जात. त्यामुळे त्या काळची अस्सल नाणी किंचित वाकलेली किंवा लंबगोल असू शकतात. तसेच वजन जुळवण्यासाठी टाकसाळीतच कानशीने घासल्याचे समांतर ओरखडे जुन्या नाण्यांवर दिसतात.

खरे नाणेही बिघडवलेले असू शकते, आणि याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. थालर गळ्यात घालण्याची चाल मध्य युरोपात फार होती, म्हणून डोक्याच्या वरच्या बाजूची कड नीट पाहावी; काढून टाकलेल्या कडीच्या डाकाची खूण, बुजवलेले भोक किंवा मुद्दाम पुन्हा कोरलेले केस तिथेच उघडे पडतात. अशा नाण्याची किंमत निर्दोष नाण्याच्या मानाने बरीच कमी असायला हवी.

सहावी पायरी : बाजार आणि कायदा

मुघल काळात युरोपीय चांदी सुरतेला जहाजे भरभरून उतरली, परंतु ती टाकसाळीत जाऊन रुपयांत बदलली गेली. परक्या नाण्याला बाजारात बट्टा लागे, म्हणून ते तसेच ठेवण्यात कोणाला लाभ नव्हता. त्यामुळे ही नाणी आपल्याकडील जुन्या घरांतून मिळतील अशी आशा फारशी धरू नये. मुख्य बाजार जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील लिलावगृहांचा आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांनी तिथल्या नाणेमेळ्यांत जाऊन नाणी प्रत्यक्ष हाताळावीत. छायाचित्रांतून शिकायला जे महिने लागतात ते तिथे एका दिवसात कळते.

लिलावाच्या वर्णनात ‘डेव्हनपोर्ट’ किंवा ‘हेरिनेक’ असे नाव आणि पुढे क्रमांक असतो. पहिली थालर आकाराच्या नाण्यांची सूची, दुसरी ऑस्ट्रियाच्या नाण्यांची. तो क्रमांक टिपून ठेवावा आणि त्याच प्रकाराची जुन्या लिलावांत आलेली किंमत शोधावी, कारण विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि कोणी प्रत्यक्षात मोजलेली किंमत यांत मोठे अंतर असते. अवस्थेची भाषाही समजून घ्यावी: इंग्रजी वर्णनातील ‘फाइन’ म्हणजे बरेच झिजलेले नाणे असते, आणि जर्मन ‘सेर शोन’ हे साधारणतः इंग्रजी ‘व्हेरी फाइन’च्या बरोबरीचे असते. पुकारलेल्या बोलीवर लिलावगृहाचे शुल्क साधारण २० टक्के किंवा त्याहून अधिक पडते, शिवाय टपाल, विमा आणि भारतातील सीमाशुल्क वेगळे. बोली लावण्यापूर्वी या सगळ्यांची बेरीज कागदावर करावी आणि आयातीचे चालू नियम सीमाशुल्क दलालाला विचारून घ्यावेत.

जपणुकीबाबत थोडेच सांगायचे आहे. नाणे कडेने धरावे, कधीही घासू-पुसू किंवा चिंच, लिंबू, पावडर लावून उजळू नये. चांदीवरची काळसर झाक हीच त्याची राखलेली त्वचा आहे आणि ती गेल्यावर किंमतही जाते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या काही वर्षांत हिरवट चिकटा सोडतात, म्हणून आम्लरहित कागदी पाकिटे किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या वापराव्यात. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात.

कागदपत्रांबाबत मात्र कसूर करू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून विकत घेतलेले जुने नाणेही एकदा इथे आले की ते पुन्हा युरोपातील लिलावाला पाठवता येईल असे गृहीत धरून खरेदी करू नये. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो, म्हणून देशातील विक्रेत्याकडून घेताना त्याचा परवाना पाहावा आणि पावतीवर राज्यकर्ता, मूल्य, वर्ष, वजन आणि सूचीतील क्रमांक लिहून घ्यावा. लिलावगृहाचे बिल, सीमाशुल्क भरल्याचा कागद आणि दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे प्रत्येक नाण्याच्या नावाने एकत्र ठेवावीत, आणि नाणे ज्या दिवशी हाती आले त्याच दिवशी आपण स्वतः केलेले वजन व व्यास त्या नोंदीत लिहावा. लिलावाच्या वर्णनातील आकड्याशी तो जुळत नसेल, तर परतीची मुदत संपण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी कळवता येते.